‘घर बायकोच्या नावावर करून टाका’ हा सल्ला आता बंद करा : खान्देशातील वकील मंडळींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी व सर्व सभासद,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील जिल्हा व तालुका वकील संघ

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. जळगावात छोट्या व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहितो, त्यांची रिटर्न भरतो. दाणा बाजारातले किरकोळ दुकानदार, एमआयडीसीत चटईची एखाद-दुसरी मशीन चालवणारे, रावेर-यावलकडचे केळीचे ट्रक भरणारे, खेड्यावर कृषी केंद्र असलेले, असे माझे पक्षकार. हो, आम्हीही त्यांना पक्षकारच म्हणतो. माणूस बुडत चाललाय हे त्याच्या घरच्यांच्याही आधी आम्हाला कळतं. उधारीची येणी फुगत जातात, बँकेचं सीसी खातं (धंद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देणारं कॅश क्रेडिट) वर्षभर मर्यादेला टेकलेलं असतं आणि ‘हातउसने’ या सदरात दर महिन्याला नवं नाव चढतं. मग एक दिवस तो वह्या बाजूला सारून विचारतो, "वकील कोणता गाठू?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. कोणा एकावर राग नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी माझ्या लोकांना फी न घेता वाट दाखवली आहे. पण कर्जात गळ्यापर्यंत आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत जो सल्ला मिळतो, त्यातला निम्मा त्याला आणखी खोलात घालणारा असतो. आणि तो सल्ला बहुतेक वेळा एकच असतो.

चोपडा तालुक्यातला एक कृषी केंद्रवाला घ्या. बियाणं, खतं, औषधं उधारीवर द्यायची आणि कापूस विकला की वसूल करायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा व्यवहार. दोन हंगाम कापसाला भाव नाही. शेतकऱ्यांनी पैसे दिले नाहीत, काहींनी तोंड दाखवणंच सोडलं. तो माझ्याकडे आला तेव्हा खताच्या कंपनीची कापडी पिशवी घेऊन आला होता. पिशवीत सगळं एकत्र कोंबलेलं. बँकेचा सीसीचा उतारा, पतसंस्थेचा सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, औषध कंपनीच्या वितरकाने वकिलामार्फत पाठवलेली चेक न वटल्याची नोटीस, एका खासगी सावकाराकडे दिलेल्या सही केलेल्या कोऱ्या चेकच्या झेरॉक्स आणि शालकाकडून घेतलेल्या पैशांची साध्या कागदावरची चिठ्ठी. सगळ्यात वर चेकची नोटीस होती, कारण ती शेवटी आली होती.

त्याआधी तो एका वकिलांकडे जाऊन आला होता. त्यांनी तेवढा वरचाच कागद वाचला. उत्तर देऊ म्हणाले, फी घेतली, आणि निघताना वर सांगितलं की घर बाईंच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, म्हणजे कोणी हात लावणार नाही. बायको-मुलांना राहतं घर बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क मुळात अवघं २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. एवढ्या स्वस्तात घर वाचत असेल तर कोण थांबेल? त्याने करून टाकलं. आणि मग मला विचारायला आला, "आते काय करानं, दादा?"

वकीलसाहेब, यापुढचं तुम्हाला मी सांगायचं म्हणजे अगोचरपणा आहे, पण हे पत्र कर्जदारही वाचणार, म्हणून लिहितो. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत साध्या माणसाच्या नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत उरली नाही असं कोर्टाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात चालतो. त्या कायद्याचं कलम ५३ सांगतं की मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला आणि माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. बक्षीसपत्र त्यात अलगद सापडतं. घर तर वाचत नाहीच, वर ‘मालमत्ता लपवायचा प्रयत्न केला’ हा डाग लागतो, आणि तोच डाग पुढे कर्जातून सुटका मागताना आडवा येतो. घेणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने मालमत्ता लपवणं हा तर त्याच कायद्याच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे. म्हणजे जे हत्यार तुम्ही पक्षकाराच्या हातात देता, त्याची मूठ समोरच्याकडे असते.

दुसरी गंमत अशी की ज्याची भीती घालून हे करून घेतलं जातं, त्यातलं बरंच काही कायद्याने आधीच राखून ठेवलेलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काढून बघा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गरजेपुरते बैल आणि बियाणं, शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर, यांवर जप्ती येत नाही. जप्तीतून सुटलेली वस्तू नादारीतही कोर्टाच्या ताब्यात जात नाही. गहाण टाकलेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी, आणि दुकानदाराच्या घराला शेतकऱ्याच्या घराचं संरक्षण मिळत नाही, हेही खरं. पण हे सगळं समोरच्याला शांतपणे सांगायला दहा मिनिटं लागतात. मंगळसूत्र जाईल या भीतीने बायका रात्र-रात्र झोपत नाहीत. ती भीती एका वाक्यात जाते, पण ते वाक्य कोणी बोलत नाही.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीने आणखी घोळ केला आहे. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला, तेव्हापासून ज्याला त्याला वाटतं की एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) मुंबईला गेलं की सगळं माफ. त्या कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्य माणसाला अजून लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यामुळे एमआयडीसीतल्या एखाद्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, मशीनसाठी कर्ज घेतलं आणि संचालक म्हणून स्वतःची हमी दिली, तर त्याचा रस्ता मुंबईकडे जातो. पण किराणा दुकानदार, केळी उत्पादक किंवा पगारदार शिक्षक यांचा रस्ता आपल्याच जिल्हा न्यायालयात आहे. हे न सांगता मुंबईच्या फेऱ्या दाखवून पैसे उकळणारे एजंट भेटतात. ते तुमच्यातले नाहीत हे मला माहीत आहे, पण तुमच्या शांततेवर त्यांचं दुकान चालतं.

आणि ते दुकान जोरात आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. नियम चांगला आहे. पण त्याचा परिणाम बघा. ‘कर्जमुक्त व्हा, वसुलीवाल्यांचे फोन बंद करा’ अशा जाहिराती देणाऱ्यांना कसलीच आडकाठी नाही. धरणगाव-पारोळ्याच्या पोराला मोबाइलवर तेच आधी दिसतात. ते म्हणतात, हप्ते बंद करा, दर महिन्याला आमच्याकडे एवढे भरा, आम्ही तडजोड करून देऊ. हप्ते थांबल्यावर व्याज आणि दंड चढत राहतो, चेक परत जातात, आणि ज्याने पैसे घेतले तो कोर्टात तुमच्या बाजूने उभाही राहू शकत नाही, कारण त्याच्याकडे सनद नसते.

नादारीचा अर्ज म्हणजे जादू नव्हे, हेही तुमच्याच तोंडून लोकांनी ऐकलं पाहिजे. कर्ज ५०० रुपयांहून कमी नसावं, ही १९२० सालची अट आज हास्यास्पद वाटते, पण ती तशीच आहे. म्हणजे दार उघडं आहे, फक्त आत काय आहे ते आधी सांगा. अर्ज टाकला की दुसऱ्या दिवशी सगळं थांबतं, असं नाही. कोर्टाने नादार ठरवल्यावर मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि मग घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. तारण घेतलेली बँक या सगळ्याच्या बाहेर, ती आपलं तारण विकू शकते. नाव राजपत्रात छापून येतं. नादार असेपर्यंत ग्रामपंचायतीचीसुद्धा निवडणूक लढवता येत नाही, आणि आमच्याकडच्या माणसाला कर्जापेक्षा याचा धक्का जास्त बसतो, हसू नका. शेवटी सुटका मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी सुटत नाही. चेकचा फौजदारी खटला अर्जामुळे आपोआप थांबत नाही. आणि जामीनदार? तो तर अजिबात सुटत नाही. माणूस नादार होतो, नंतर बँक त्याच्या मेव्हण्याच्या दारात उभी राहते. सही केली तेव्हा त्याने चहा पिऊन सही केली होती, हे कोणी ऐकत नाही.

माझ्या धंद्याशी संबंध येतो तो सुटकेच्या टप्प्यावर, म्हणून तिथे थोडं थांबतो. १९२० च्या कायद्यात अजूनही ‘रुपयाला आठ आणे’ हा हिशेब आहे. विनातारण देण्यांच्या निम्म्याइतकी मालमत्ता नसेल, तर कोर्ट बिनशर्त सुटका देत नाही, मात्र ही वेळ आपल्या दोषाने आलेली नाही हे पटवून दिलं तर गोष्ट वेगळी. मागच्या तीन वर्षांच्या धंद्याच्या रीतसर वह्या ठेवल्या नसतील तर तेही विरुद्ध जातं. बुडालो हे कळल्यावरही धंदा रेटत राहिला, सट्टा किंवा जुगार केला, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप दिलं, हेही सगळं तपासलं जातं. आता सांगा, कापसाचा भाव पडला, वादळाने केळीचे खांब झोपले, गारपिटीने गहू गेला, हे पटवायचं कशाने? रोजमेळाने, खतावणीने, पंचनाम्याच्या प्रतीने, बाजार समितीच्या पट्ट्यांनी. यातलं काहीही पहिल्या भेटीत मागवलं जात नाही. मी गेल्या काही वर्षांत अनेकांना वह्या लिहून दिल्या आहेत, पण वकिलाने ‘वह्या आणा’ म्हटल्याचं फार थोड्यांनी सांगितलं.

आणि तो शालक. कृषी केंद्रवाल्याने घेणेकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालायला नकार दिला. सासरवाडीत तोंड कसं दाखवायचं? शिवाय दुकानातला शिल्लक माल विकून सगळ्यात आधी त्याचेच पैसे फेडायचे ठरवले होते. दोन्ही गोष्टी त्याला बुडवणाऱ्या होत्या. यादीत प्रत्येक घेणेकरी नाव-पत्ता-रकमेसह यायला हवा, आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला जवळचा म्हणून दिलेले पैसे परत खेचले जाऊ शकतात. हे समजावून सांगायला कायद्यापेक्षा माणूस कळावा लागतो. वकिलांनी शालकालाच बोलावून समोर बसवलं असतं, तर पाच मिनिटांत विषय मिटला असता.

मी हे सगळं लिहितोय म्हणून नादारीचा अर्ज हाच पहिला उपाय असं कोणी समजू नये. पुष्कळदा तो शेवटचा असतो. पिशवी पूर्ण उघडली तर आधीचे रस्ते सापडतात. खासगी सावकाराकडे परवाना आहे का? नसेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्टाला हुकूमनामा देता येत नाही. जुनं हातउसनं तीन वर्षांच्या मुदतीत आहे का? मुदत संपायच्या आत वसुलीवाला एखाद्या कागदावर ‘बाकी मान्य’ म्हणून सही घेऊन गेला असेल, तर तीन वर्षं त्या दिवसापासून पुन्हा सुरू होतात. पतसंस्थेच्या १०१ च्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण करायचं तर वसुलीच्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो, म्हणजे दाखला निघण्याआधीच निबंधकांसमोर हजर राहणं शहाणपणाचं. बँकेची सरफेसीची (तारण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या कायद्याची) नोटीस आली तर ६० दिवस असतात, आणि लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. शेतजमिनीला तो कायदा लागूच नाही. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलेलं आहे. लोकअदालतीत बँकेशी तडजोड चांगली होते, पण तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. हप्ता झेपेल का याचा हिशेब घरी करून मग सही करा, हे मी सांगतो. ते तुम्ही सांगायला हवं.

मी माझ्या पक्षकारांना हल्ली एक कागद देतो. त्यावर वकिलाला विचारायचे प्रश्न असतात. तुमच्यापैकी काहींना तो कागद पाहून राग आला, हेही कानावर आलं. त्यात आगाऊपणा काही नाही. तुम्ही माझ्या घेणेकरी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पॅनेलवर आहात का? तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तिथे मोजकेच वकील आणि त्यातले अर्धे कुठल्या ना कुठल्या पॅनेलवर. नादारीचा अर्ज तुम्ही याआधी चालवला आहे का? नसेल तर हरकत नाही, पण सांगा. माझी सगळी कर्जं एकत्र बघणार की एकेक नोटीस वेगळी? फी किती, कोणत्या टप्प्याला किती, पावती मिळेल का? वाचलेल्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याकडे जाऊ नको, असंही मी त्यात लिहिलंय, कारण निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही.

कागद परत मिळण्याचा मुद्दा वेगळा काढतो. फी राहिली म्हणून पक्षकाराची मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. तरी माझ्या माहितीत एकाचे मूळ खरेदीखत आणि सावकाराच्या पावत्या बरेच महिने अडकून होत्या आणि तेवढ्यात सावकारविरोधी तक्रार लांबली. ग्राहक मंचात जायची वाटही आता नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. राहतं ते बार कौन्सिल. म्हणजे आपल्या सभासदांवर लक्ष ठेवायचं काम तुमच्या संघांवर पूर्वीपेक्षा जास्त येऊन पडलंय, असं मी समजतो.

मागणं मोठं नाही. प्रत्येक तालुका वकील संघाने बाररूमच्या बाहेर एक फलक लावावा. त्यावर लिहावं की साध्या माणसाच्या नादारीचा अर्ज इथल्याच जिल्हा न्यायालयात होतो आणि वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला, तसंच महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक मोठ्या अक्षरात टाकावा. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला हे शब्द वाचायला मिळाले तरी पुष्कळ. दुसरं, पहिल्या भेटीनंतर पक्षकाराला एक पानी लेखी चिठ्ठी द्यायची पद्धत संघांनी पाडावी. कोणती कागदपत्रं पाहिली, कोणतं कर्ज सुटू शकतं, कोणतं सुटणार नाही, पुढची तारीख कोणती, फी किती. आणि मालमत्ता कोणाच्या नावावर करण्याचा सल्ला दिला असेल, तर तोही त्या चिठ्ठीत लिहून खाली सही करावी. लिहायला हात आखडला, तर तो सल्ला तोंडीही देऊ नये.

चिठ्ठीचा नमुना मी साध्या मराठीत तयार केला आहे. ज्या संघाला हवा त्याने निरोप धाडावा, मी स्वतः आणून देईन. त्यातल्या कायद्याच्या चुका तुम्ही दुरुस्त कराव्यात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदारांचे आणि उधारीचे हिशेब होतात. बुडालेले लोक आमच्याकडे येतात ते त्याच सुमारास. त्याआधीच्या एखाद्या बैठकीत हा विषय घेतलात तर या वर्षीच्या लोकांना उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जमाखर्च लिहिणारा
जळगाव